आरशामागचे शास्त्र आणि आरशामागचा पारा

फुटका आरसा घरात ठेवू नये. दिवेलागणीनंतर आरशात पाहू नये. दात येईपर्यंत तान्ह्या बाळाला आरसा दाखवू नये. पलंगासमोर आरसा लावू नये. मराठी घरांत आरशाविषयी एवढी ‘नये’ तरी कानावर पडतातच. पूर्वी कुणी कारण विचारले, तर घरातली म्हातारी माणसे एका शब्दात विषय संपवत : अपशकुन. शिकलेल्या घरांत हा शब्द उच्चारायला आता संकोच वाटतो, म्हणून त्याच्या जागी एक अख्खे वाक्य आले आहे : ‘त्यामागे शास्त्र आहे.’ नियम तेच राहिले, पाटी तेवढी बदलली.

या वाक्याच्या समर्थनार्थ जे सांगतात ते साधारण असे. आरशाची धास्ती एकट्या आपल्याकडे नाही, जगभर आहे. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट वाटली, तर ती उगीच वाटलेली नसणार. पूर्वजांनी अनुभवातून धोका ओळखला आणि साध्या माणसाने ऐकावे म्हणून त्यावर भीतीचे वेष्टण चढवले. आणि आता तर परदेशातल्या प्रयोगशाळांनीही ते सिद्ध करून दाखवले आहे. तिन्ही विधाने ऐकायला भारदस्त आहेत. तपासायला बसले की एकही टिकत नाही, आणि त्यातले पहिलेच सर्वांत कच्चे आहे.

जगभर आरशाविषयी समजुती आहेत हे खरे. त्या एकसारख्या आहेत हे खोटे. जपानमध्ये आरसा हा भीतीचा विषय नसून पूजेचा आहे. गुहेत दडून बसलेली सूर्यदेवता आमातेरासू बाहेर यावी म्हणून देवांनी झाडाला आरसा टांगला, अशी तिथली कथा. ‘याता नो कागामी’ नावाचा तो आरसा सम्राटपदाच्या तीन चिन्हांपैकी एक असून त्याचे स्थान इसे येथील देवस्थानात मानतात. चीनमध्ये चौथ्या शतकात गे होंग या ताओपंथी लेखकाने डोंगरात जाणाऱ्या साधकांना पाठीवर मोठा आरसा बांधून जाण्याचा सल्ला दिला. कारण राक्षस माणसाचे रूप घेऊन मागून आला, तरी आरशात त्याचे मूळ रूप दिसते. म्हणजे इथला आरसा भुताला बोलावत नाही, त्याचे सोंग उघडे पाडतो. दारावर अष्टकोनी चौकटीतला आरसा लावून बाहेरची पीडा परतवण्याची चिनी रीतही याच विचारातली. इराणात लग्नाच्या मांडणीत आरसा आणि शमादाने लागतातच, आणि वधूचे मुख वराला प्रथम आरशात दिसते. भारतीय उपखंडातल्या मुसलमान लग्नांतला ‘आरसी-मुसहफ’ हा विधी त्याच्याच जवळचा. शिराझच्या शाह चेराग दर्ग्याचे अंतर्भाग तर आरशाच्या असंख्य बारीक तुकड्यांनी मढवलेले आहेत. आरशाचा तुकडा अशुभ मानणाऱ्याने तिथे डोळे मिटूनच आत जावे.

पण इतक्या लांब जायचेही कारण नाही. जुन्या मराठी घरातली फणेरपेटी आठवावी. सागवानी किंवा शिसवी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला बसवलेला आरसा, खाली कप्प्यांत फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा. झाकण उभे करून टेकवायचे, पाटावर बसायचे, कपाळावर बोटाने मेणाचा गोल टेकवायचा आणि त्यावर कुंकू. मेण थोडे जरी सरकले तरी कुंकू वाकडे, म्हणून आरशाशिवाय हे काम होत नसे. देवीला वाहायच्या सौभाग्यवाणात आरसा, फणी, करंडा असतो तो यामुळेच. श्वेतांबर जैनांच्या अष्टमंगलांत दर्पण आहे. राजोपचार पूजेत देवाला छत्र-चामराबरोबर दर्पण दाखवतात. बंगालात दुर्गेच्या मातीच्या मूर्तीवर पाणी घालता येत नाही, म्हणून आरशातल्या तिच्या प्रतिबिंबाला स्नान घालतात आणि दशमीला त्या आरशाचे प्रतीकात्मक विसर्जन झाल्यावरच मूर्ती नदीकडे निघते. केरळात विषूच्या पहाटे डोळे उघडताच जी ‘कणी’ पाहायची, तिच्यात आरसा हवाच. म्हणजे वर्षाचा पहिला कटाक्षच आरशावर. आरशाची धास्ती ही आपली परंपरा, असे सांगणाऱ्यांनी परंपरेतला बहुतेक भाग आधी बाजूला काढून ठेवलेला असतो.

भीतीच्या बाजूच्या समजुतीही एकमेकींशी जुळत नाहीत. ग्रीसमधल्या पात्राई गावी देवळापाशी एक झरा होता. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस लिहितो की तिथे दोरीला आरसा बांधून त्याची कड पाण्याला जेमतेम टेकेल इतका खाली सोडत, मग आरशात पाहून आजारी माणूस जगणार की मरणार ते सांगत. इथे आरसा नुसती बातमी देतो, इजा करत नाही. मेक्सिकोत तेझ्कातलिपोका या प्रबळ देवाच्या नावाचा अर्थच ‘धुरकट आरसा’ असा सांगतात; त्याचा आरसा ज्वालामुखीच्या काळ्या काचेचा, म्हणजे ऑब्सिडियनचा. तसाच एक आरसा इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथच्या काळातला पंडित जॉन डी याच्या नावाने ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. देवदूतांशी बोलण्यासाठी तो वापरला जाई असे म्हणत. २०२१ मध्ये त्याच्या दगडाची रासायनिक तपासणी झाली तेव्हा तो मेक्सिकोतल्या पाचुका भागातला निघाला. एकाच दगडात अॅझ्टेकांना एक दिसे आणि लंडनच्या पंडिताला दुसरेच. दगडात काही ठरलेले असते, तर असे झाले नसते.

या विसंगतीवर एक जुना तोडगा आहे आणि तो आजही पुढे केला जातो : तपशील वेगळे असतील, पण मुळाशी एकच कल्पना आहे, की प्रतिबिंब म्हणजे आत्मा. हे सूत्र जेम्स फ्रेझरने १८९० साली निघालेल्या ‘द गोल्डन बाऊ’मध्ये लोकप्रिय केले. घरात मृत्यू झाला की आरसे झाकतात, ते जिवंत माणसाचा आरशात बाहेर पडलेला आत्मा मृताच्या भुताने पळवू नये म्हणून, हे त्याचे स्पष्टीकरण. फ्रेझरचा व्यासंग अफाट होता, पण ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यात जाऊन तो राहिला नव्हता. मिशनरी, अधिकारी आणि प्रवासी यांच्या कागदांतून त्याने एका देशातली सावली, दुसऱ्यातले पाण्यातले प्रतिबिंब आणि तिसऱ्यातला छायाचित्राचा धसका उचलला आणि सगळे एकाच दोऱ्यात ओवले. दोरा त्याचा होता.

आरसे झाकण्याचीच गोष्ट घ्यावी. ज्यू घरांत मृत्यूनंतरच्या सात दिवसांच्या शोककाळात आरसे झाकतात. कारण विचारले तर उत्तरे अनेक मिळतात. शोकाच्या दिवसांत नट्टापट्टा नको. याच घरात प्रार्थना होते आणि आरशासमोर उभे राहून प्रार्थना करू नये. पूर्वी शोकात बिछाने उलटे करण्याची जी रीत होती तिची जागा याने घेतली. आणि हो, भुताखेतांचेही एक कारण सांगणारे आहेत. यांतले एकच उचलून त्याला ‘मूळ’ म्हणण्याचा अधिकार कुणाला? मराठी घरांत सुतकाच्या नियमांची यादी काही लहान नसते, पण आरसे झाकणे हा त्यातला सर्वत्र पाळला जाणारा नियम नव्हे. आत्म्यावरचा विश्वास आपल्याकडे कमी म्हणून असे झाले, असे तर कुणी म्हणणार नाही.

आरशाची भीती मानवजातीच्या हाडीमासी आहे, या कल्पनेला एक प्रत्यक्ष उदाहरणही आडवे येते. एडमंड कार्पेंटर हा मानवशास्त्रज्ञ १९६९-७० च्या सुमारास पापुआ न्यू गिनीत होता. तिथल्या बियामी लोकांना त्याने मोठे आरसे दाखवले. त्याच्या वर्णनानुसार माणसे प्रथम गारठल्यासारखी झाली, त्यांनी तोंडावर हात घेतले, माना खाली घातल्या. लोकप्रिय लेखांतली गोष्ट इथेच थांबते. कार्पेंटरची थांबत नाही. काही दिवसांतच तीच माणसे आरशासमोर उघडपणे साजशृंगार करू लागली, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे.

‘शास्त्रा’चा सर्वांत आवडता दाखला म्हणजे फुटलेला आरसा आणि सात वर्षांचे दुर्भाग्य. जुन्या मराठी समजुतीत ही सात वर्षे नव्हती. इंग्रजी सिनेमे आणि वर्तमानपत्रांच्या चौकटी यांच्या वाटेने ती इकडे आली, आणि आल्यावर काहींनी तिला साडेसातीचे भावंड करून टाकले. साडेसातीची साडेसात वर्षे शनीच्या चालीवरून येतात. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षे असतो, तीन राशींची बेरीज साडेसात. तिचा काचेशी काही संबंध नाही.

या सात वर्षांची सांगितली जाणारी कथा अशी : रोमन लोक मानत की माणसाचे शरीर दर सात वर्षांनी नवे होते, आरसा फुटला की त्यातले प्रतिबिंब जखमी होते आणि ते भरून यायला सात वर्षे लागतात. कथा देखणी आहे. ग्रीक-रोमन जग आयुष्याचे सात-सात वर्षांचे टप्पे पाडत असे, हेही खरे. पण त्या टप्प्यांचा आणि आरसा फुटण्याचा सांधा जोडणारे रोमन वचन ही कथा सांगणारे कधी दाखवत नाहीत. रोमन आरसा बहुधा काशाचा किंवा चांदीचा, हातात धरायचा, घासून चकचकीत केलेला. कथिल जास्त असलेले कासे पडून फुटू शकते, आणि काचेचे छोटे आरसेही तेव्हा थोडेफार होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण घराच्या भिंतीवरून निसटून खळ्ळकन चुरा होणारा आरसा, ज्याच्याभोवती ही सगळी भीती फिरते, तो रोमन माणसाच्या घरात नव्हता.

छापील नोंदी वेगळेच सांगतात. फ्रान्सिस ग्रोस या इंग्रज संग्राहकाने १७८७ मध्ये लोकसमजुतींची यादी छापली. तीत आरसा फुटणे म्हणजे घरात मृत्यू, बहुधा घरधन्याचा, असे आहे. सात वर्षांचे नाव नाही. ती संख्या इंग्रजी नोंदींत दिसू लागते १९व्या शतकात. म्हणजे ज्या समजुतीला दोन हजार वर्षांची म्हणून मिरवतात, तिचा हा भाग आगगाडीच्या वयाचा आहे.

शरीर सात वर्षांनी नवे होते, हे तरी खरे आहे का? तेही नाही. आतड्याचे अस्तर काही दिवसांत बदलते. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. हाडांच्या सांगाड्याला वर्षानुवर्षे लागतात. मेंदूच्या बाह्यकातील बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात, आणि डोळ्याच्या भिंगाचा गाभा तर जन्माआधी तयार झालेला असतो. आरशात पाहणारा डोळा त्या अर्थाने कधीच ‘नवा’ होत नाही.

रोमन कथा ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी दुसरी तयार असते, जरा अधिक व्यवहारी. आरसे भयंकर महाग होते, म्हणून नोकरांनी जपून पुसावेत यासाठी मालकांनी ही भीती पसरवली. महागाईचा भाग खरा आहे. १६व्या-१७व्या शतकात चांगला काचेचा आरसा म्हणजे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाची जवळजवळ मक्तेदारी. ती मोडण्यासाठी फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने तिथले कारागीर फोडून आणले आणि १६६५ मध्ये राजाश्रयाने आरशांचा कारखाना काढला. १६८४ मध्ये पुऱ्या झालेल्या व्हर्सायच्या आरसेमहालात ३५७ आरसे बसवले, ते युरोपला दिपवण्यासाठीच. पण नोकरांना घाबरवण्यासाठी रचलेल्या समजुतीत मरतो कोण? ग्रोसच्या नोंदीप्रमाणे, घरधनी. मोलकरणीच्या हातून आरसा फुटावा आणि शिक्षा मालकाला व्हावी, अशी धमकी कुठला शहाणा मालक पसरवील? या जातीच्या स्पष्टीकरणांपेक्षा ग्रोसचा समकालीन जॉन ब्रँड अधिक नेमके बोलून गेला. आरसा फुटणे दुर्दैवाचे मानतात हे नोंदवून त्याने मिश्कीलपणे जोडले, की आरसा किमती असेल तर ते अक्षरशः खरेच आहे.

आपल्याकडची ‘शास्त्रीय’ बाजू याहून साधी असते : काच लागून जखम होईल, म्हणून फुटका आरसा घरात नको. काच लागते, यात वाद नाही. पण मग कंदिलाची काच फुटली, चहाचा पेला फुटला, तर अपशकुन का नाही? उलट पेला फुटला की ‘पीडा टळली’ म्हणणारी माणसे याच घरांत असतात. आणि हातातली बांगडी फुटली की ती ‘फुटली’ म्हणायचे नाही, ‘वाढली’ म्हणायचे. मनगटाला काच लागेल याची ती काळजी नसते. बांगडी फोडणे वैधव्याशी जोडलेले आहे, म्हणून तो शब्दच टाळायचा. धाक जखमेचा असता, तर तो काचेच्या धारेबरोबर वाढला असता. तो वाढतो वस्तूला चिकटलेल्या अर्थाबरोबर. ज्यूंच्या लग्नात वर पायाखाली काचेचा पेला मुद्दाम फोडतो, आणि जर्मनीत लग्नाच्या आदल्या रात्री चिनी मातीची भांडी फोडणे शुभ मानतात. तिथेही तुकडे टोचतातच.

रात्रीच्या नियमाला मात्र एक खरोखरीचा प्रयोग आधार म्हणून मिळाला आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा. इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठातले जोव्हान्नी कापूतो यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. ५० माणसांना एकेक करून अंधाऱ्या खोलीत आरशापासून सुमारे ४० सेंटिमीटरवर बसवले. पाठीमागे २५ वॉटचा दिवा, थेट डोळ्यांवर न येणारा. दहा मिनिटे स्वतःच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहायचे. पहिल्या मिनिटाच्या आतच चेहरे बदलू लागले. ६६ टक्के लोकांना आपला चेहरा विलक्षण वेडावाकडा झालेला दिसला, २८ टक्क्यांना अनोळखी माणूस, १८ टक्क्यांना आईवडिलांपैकी कुणाचा तरी बदललेला चेहरा, तेवढ्यांनाच एखादा प्राणी, आणि ४८ टक्क्यांना चक्क अद्भुत किंवा राक्षसी आकृती. दृष्टी एका जागी खिळली की कडेचे तपशील विरू लागतात, हे ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने १८०४ मध्येच दाखवले होते. विरलेल्या जागा मेंदू आपल्या परीने भरतो, आणि चेहरे ओळखण्यात मुरलेला मेंदू तिथे चेहरेच भरणार.

‘बघा, आजी सांगत होती तेच!’ ही उडी इथूनच मारतात. पण आजी काय सांगत होती? रात्री आरशात पाहून केस विंचरू नयेत, कुंकू लावू नये. विंचरणारी स्त्री एका बिंदूवर नजर खिळवून दहा मिनिटे निश्चल बसत नाही. तिचा हात, मान, डोळे सतत हलत असतात, आणि हालचालीने हा भ्रम मोडतो. शिवाय कापूतो यांनीच नंतर दाखवले की मंद उजेडात दोन माणसे एकमेकांकडे एकटक पाहत बसली, तरी समोरचा चेहरा असाच बदलतो. मग ‘रात्री नवऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये’ असा नियम का नाही? भ्रमाचे खापर एकट्या आरशावर फुटण्याचे कारण या प्रयोगात सापडत नाही.

आणि मंद उजेडातल्या आरशात काही दिसते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी ते टाळलेच असे नाही. काहींनी ते मुद्दाम पाहिले. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याच्या १७८५ च्या ‘हॅलोवीन’ या कवितेला त्याने टिपा जोडल्या आहेत, त्यांत हा विधी येतो : मुलीने मेणबत्ती घेऊन एकटीने आरशापुढे जायचे, सफरचंद खात आरशात पाहायचे, होणारा नवरा खांद्यावरून डोकावताना दिसतो. अंधार तोच, दिवा तोच, आरसा तोच. एका गावात आजी मुलीला आरशापासून ओढून नेते, दुसऱ्या गावात मुलगी हौसेने त्याच्यापुढे बसते. प्रयोगाने भ्रम खरा ठरला; मनाई शहाणी ठरली नाही.

तान्ह्या बाळाविषयी फार बोलायला नको. बाळ प्रतिबिंबाला भिते, गोंधळते, त्याचे बोलणे लांबते, असे सांगतात. ब्यूला अॅम्स्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ मध्ये बाळांच्या नाकाला लाली लावून त्यांना आरशापुढे बसवले. लहान बाळे प्रतिबिंबाला खेळगडी समजून हसली-खिदळली. साधारण १८ ते २४ महिन्यांची झाल्यावर मुले स्वतःच्या नाकाला हात लावू लागली. तेव्हापासून हा प्रयोग असंख्य मुलांवर झाला आहे. आरशाने कुणाचे दात अडले नाहीत.

समजुतीला मागाहून विज्ञानाचा मुलामा कसा चढतो, ते पाहायला ड्रॅक्युला उत्तम. रक्तपिपासू पिशाच आरशात दिसत नाही, हे युरोपचे प्राचीन लोकज्ञान म्हणून सांगितले जाते, आणि पुस्ती जोडतात की आरशामागे चांदी असते, चांदी पवित्र, म्हणून ती पिशाचाला दाखवत नाही. पूर्व युरोपातल्या शेतकऱ्यांच्या पिशाचकथांत प्रेत फुगणे, कबर उकरणे, छातीत खुंटा ठोकणे हे सगळे येते. आरशाची ही गोष्ट पसरली ती ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीमुळे. त्याची हस्तलिखित टिपणे आज फिलाडेल्फियात आहेत आणि त्यांत तो ती कल्पना रचताना दिसतो. चांदीचे तर विचारूच नये. शतकानुशतके काचेमागे असे ते कथिल आणि पारा यांचे मिश्रण. चांदीचा पातळ थर देण्याची रासायनिक कृती जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८३५ मध्ये शोधली, आणि आता कितीतरी स्वस्त आरशांना अॅल्युमिनियमचा थर असतो. त्या हिशेबाने ड्रॅक्युला पाऱ्याच्या आरशात दिसला पाहिजे, चांदीच्या आरशात नाही आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या अॅल्युमिनियमच्या आरशात पुन्हा दिसला पाहिजे. मराठी माणूस जुनाट आरशाला आजही ‘याचा पारा उडाला’ म्हणतो. पारा आरशातून केव्हाच गेला, शब्द राहिला. शब्द राहिला म्हणून पारा आहे असे मात्र कुणी म्हणत नाही. समजुतींच्या बाबतीत नेमके तेच म्हटले जाते.

पलंगासमोरचा आरसा ही तर अगदी ताजी भर. गेल्या तीसेक वर्षांत चिनी फेंगशुईतले नियम आपल्याकडे आले आणि वास्तुशास्त्राच्या नावाने विकले जाऊ लागले. वास्तूवरचे संस्कृत ग्रंथ रचले गेले तेव्हा आरसा म्हणजे हातात धरायचे धातूचे तबक होते. काचेचे मोठे तावदान ओतून घडवण्याची रीत फ्रान्समध्ये १७व्या शतकाच्या अखेरीस निघाली. जी वस्तू घरात नव्हती ती कुठल्या भिंतीवर नसावी, याची चिंता त्या ग्रंथकारांनी करावी कशी? झोपेत दचकून जाग आली आणि समोर आपणच हललेले दिसलो तर माणूस दचकेल, एवढे म्हणून थांबावे. त्यासाठी सल्लागाराची फी लागत नाही.

यावर शेवटचा आक्षेप असतो : असेना का खोटे, त्याने बिघडते काय? फुटका आरसा टाकल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते चकचकीत पृष्ठात दिसलेले खरे मानण्याची सवय माणसांवर वापरली जाते तेव्हा. महाराष्ट्रात ‘अंजन’ नावाचा प्रकार आहे. तळहातावर किंवा अंगठ्याच्या नखावर काजळाचा काळा चकचकीत लेप द्यायचा, लहान मुलाला किंवा पायाळू माणसाला त्यात पाहायला लावायचे आणि चोर कोण, गुप्तधन कुठे, ते विचारायचे. हा आरसाच, फक्त नखाएवढा. मूल जे सांगते त्याला विचारणाऱ्याचे प्रश्नच आकार देतात.

असाच खेळ एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने कैरोत पाहिला आणि १८३६ च्या आपल्या ग्रंथात बारकाईने लिहून ठेवला. मुलाच्या तळहातावर शाईचे थारोळे. मांत्रिकाने विचारायला सांगितले, तेव्हा लेनने ब्रिटिश नौसेनापती लॉर्ड नेल्सनला बोलावले. मूल म्हणाले, काळ्या युरोपीय पोशाखातला माणूस आला, त्याचा डावा हात नाही. मग निरखून म्हणाले, हात आहे, छातीशी धरला आहे. नेल्सन रिकामी बाही छातीशी अडकवत असे, तेव्हा वर्णन थक्क करणारे. पण त्याने गमावला होता तो उजवा हात. लेनने मग मांत्रिकालाच विचारले, शाईत समोरासमोर दिसते की आरशातल्यासारखे? मांत्रिक उत्तरला, आरशातल्यासारखे. झाले, चूक उरलीच नाही. आरशात उजवे डावे दिसतेच. उत्तर आधी चुकले, कारण मागून आले, आणि ते कारण पुरवणारा प्रश्न विचारला होता एका सुशिक्षित, प्रामाणिक इंग्रज माणसाने. मुलाने सांगितलेला माणूस नेल्सन नसून शेजारचा गडी असता आणि प्रश्न चोरीचा असता, तर त्या गड्याची पाठ सोलली गेली असती.

अशा प्रकारांची दखल कायद्याने घेतली आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्ये गुन्हा म्हणून नोंदलेली आहेत. फणेरपेटीतला आरसा, सौभाग्यवाणातला आरसा किंवा आजीचे रात्रीचे ‘नये’ यांच्या वाटेला तो कायदा जात नाही, आणि जायचे कारणही नाही. ज्याला फुटका आरसा घरात नको, त्याने तो खुशाल टाकावा, कागदात नीट गुंडाळून. अपशकुन म्हणून टाकला तरी चालेल. त्यामागे शास्त्र आहे असे मात्र म्हणू नये.